ओसरीच्या वळणापलीकडे

हागी, ३ नोव्हेंबर १९९८

सायोको,

तुझा जाडजूड लिफाफा आला. पोस्टमनने सहीच्या जागी माझा शिक्का मागितला तेव्हाच कळलं, यात काहीतरी कोर्टाचं आहे. माझ्या भावाचं नाव इतक्या सुबक अक्षरांत छापलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

मी तुला अडवणार नाही. हरवलेल्या माणसाला सात वर्षांनी मेलेला धरायची कायद्याने मुभा आहे. तू अठरा वर्षं थांबलीस. मी तर माझ्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी त्याचं कपाट रिकामं केलं होतं. तेव्हा तुझे यासुहारा माणूस म्हणून बरे असतील तर खुशाल लग्न कर. साठीत नवरी होतेस म्हणून लोक हसतील. हसू दे. मीही थोडी हसले.

सख्खी बहीण म्हणून कोर्ट मलाही विचारणार की भाऊ जिवंत असावा असं वाटायला काही कारण आहे का. 'नाही' असं लिहून मी शिक्का मारीन. पण त्याआधी माझं एक काम कर. क्योतोला जा. त्या दिवशी तू आणि तेइजी जी तीन देवळं बघत फिरलात ती त्याच क्रमाने पुन्हा बघ. आधी शेवाळाची बाग, मग पांढऱ्या वाळूची, मग रोसेन-इन. दिवसही तसाच निवड, घडीत ऊन, घडीत पाऊस. क्योतोत या महिन्यात तसा दिवस शोधावा लागत नाही. काही दिसलं, ऐकू आलं, तर मला लिही. काही नसेल तर तसं लिही.

का, ते विचारू नकोस. म्हातारीचा हट्ट समज.

फोन मात्र करू नकोस. माझे कान आता पार गेले. शेजारी फटाके लावतात तेही धूर दिसल्यावर कळतं. संत्री अजून हिरवी आहेत. पिकली की नेहमीप्रमाणे पेटी पाठवते.

मित्सुए


ओत्सु, १० नोव्हेंबर

मित्सुएताईंना नमस्कार.

काल जाऊन आले. शाळेच्या स्वयंपाकघरातून रजा काढली. सगळ्यांना वाटलं मी यासुहारांबरोबर फिरायला चालले. मी तसंच वाटू दिलं.

सकाळी निघाले तेव्हा तलावावर स्वच्छ ऊन होतं. डोंगर ओलांडून क्योतोत उतरले तर रस्ते ओले. शेवाळाच्या बागेत पोचेपर्यंत पुन्हा ऊन. तिथे काहीच घडलं नाही. शाळेची सहल आली होती, मुली एकमेकींच्या छत्र्या ओढत होत्या. तेइजी ज्या दगडावर उभा राहून इथे सिगारेट ओढू देत नाहीत म्हणून कुरकुरत होता, तो दगड आता दोरी लावून बंद केलाय.

वाळूच्या बागेत गारा आल्या. वाटाण्याएवढ्या. पांढऱ्या वाळूवर पांढऱ्या गारा, त्यामुळे पडताना दिसायच्या आणि पडल्या की नाहीशा व्हायच्या. मागोमाग पावसाची झड ओसरीवर आली, तरी ऊन होतंच. सगळे आत पळाले. मी बसून राहिले. का कोण जाणे, उठवेना. नागोयाहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं. त्यांनी मला त्यांचा फोटो काढायला सांगितला, मी काढला. मग त्या बाई म्हणाल्या, "आता तुमचा आणि तुमच्या मुलाचा काढू का?"

मी म्हटलं, मी एकटीच आहे. त्या माझ्या डाव्या बाजूला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "तरुण माणसं फोटोला लाजतात. काढा हो तुम्ही." त्यांच्या नवऱ्याने काढलासुद्धा. माझा पत्ता लिहून घेतला, धुतला की पाठवतील. मला मूलबाळ नाही हे सांगायचा कंटाळा आला. बहुतेक बाजूला कुणीतरी दुसराच उभा असेल.

रोसेन-इन बंद होतं. छपराची डागडुजी चाललीय, महिनाअखेरीला उघडेल असं फाटकावर लिहिलंय. मी फाटकाबाहेर उभी राहिले. इतक्या वर्षांत तिथवर आले नव्हते. त्या दिवशी आम्ही आतल्या ओसरीवर बसलो होतो. सर आली तसा तो उठला आणि म्हणाला, "सायो, तू बस. छत्री बघतो. आलोच." ओसरीच्या वळणावरून पलीकडे गेला, तो गेलाच. बूट खाली फळीवर तसेच राहिले. पोलिसांनी तळंसुद्धा उपसलं. मोज्यांवर माणूस किती लांब जाणार, असं ते मलाच विचारत होते, आणि माझ्याकडे असे बघत होते की मीच त्याला कुठे लपवलंय.

ताई, मी पुन्हा जाईन. पण हा हट्ट कशासाठी, ते मला कळायला हवं.

सायोको


हागी, १४ नोव्हेंबर

सायोको,

तो डावीकडेच बसला होता ना? त्या बाईंनी काय पाहिलं ते नीट आठवून लिही. कपडे कोणते होते, केस कसे होते. फोटो आला की ताबडतोब कळव.

गारा पडल्या म्हणतेस. त्याला तिथे थंडी वाजत नाही, एवढं तरी बरं.

इथे समुद्रावरून वारा सुटलाय. बागेत काम करणाऱ्या बायका म्हणतात यंदा फळ आधीच गोड झालंय. त्या दर वर्षी तेच म्हणतात.

रोसेन-इन उघडलं की जा. एकटी जा. यासुहारांना नेऊ नकोस.

मित्सुए


ओत्सु, २० नोव्हेंबर

मित्सुएताई,

फोटो आला. आधी तो सांगते, मग मला तुम्हाला एक विचारायचं आहे.

फोटोत मी एकटी आहे. झडीमुळे ओसरीच्या सगळ्या फळ्या भिजून काळ्या पडल्यात. माझ्या डाव्या हाताला मात्र एक जागा कोरडी आहे. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी. आजूबाजूला पाणी आणि मध्ये कोरडं लाकूड. मी भिंग घेऊन बघितलं. यासुहारांना दाखवलं, ते म्हणाले छपराची वळचण तिथे पुढे आली असेल. असेलही.

सोबत त्या बाईंची चिठ्ठी आहे. त्या लिहितात की तुमचा मुलगा फोटोत आला नाही, आमच्या यांचा हात हलला असेल, क्षमा करा. आणि लिहितात की मोठा गोड मुलगा आहे, सारखा आभाळाकडे बघून "थांबतोय, थांबतोय" म्हणत होता.

पाऊस बघताना तेइजी तेच म्हणायचा. तुम्हाला माहीत आहे. ढगफुटी झाली तरी "थांबतोय, थांबतोय."

ताई, रात्रभर विचार केला. तुमचं मागचं पत्र पुन्हा वाचलं. "त्याला तिथे थंडी वाजत नाही" असं तुम्ही लिहिलंय. वाजली नसेल, असं नाही. मेलेल्या माणसाबद्दल कुणी असं लिहीत नाही. तो जिवंत आहे आणि तुम्हाला ते माहीत आहे. तुमच्याकडे येतो का? मला सोडून गेला होता का, आणि तुम्ही एवढी वर्षं त्याला सांभाळून घेतलंत? त्याने परवा मला दुरून बघितलं आणि त्या बाईंच्या नजरेस पडला, असं आहे का? त्याला तरुण म्हणणाऱ्या त्या बाईंची नजर अधू असणार, एवढंच.

तसं असेल तर सांगा. मी भांडणार नाही. भांडायचं वय गेलं. पण अठरा वर्षं मी दाराला आतून कडी लावलेली नाही, कारण त्याच्याकडे किल्ली नव्हती. ते तरी थांबवता येईल.

सायोको


हागी, २४ नोव्हेंबर

सायोको,

तुझा राग वाचून बरं वाटलं. इतकी वर्षं तू मला ऋतूंची, हवापाण्याची पत्रं लिहितेस. हे पहिलं खरं पत्र.

तो जिवंत आहे का, मला माहीत नाही. माझ्या घरात लपलेला नाही. येऊन बघ, तांदळाचं पिंपसुद्धा उघडून दाखवते.

आता ऐक, आणि मला वेडी म्हणायचं असेल तर वाचून झाल्यावर म्हण.

माझे कान जायला लागले ते तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी. आधी पक्षी गेले, मग माणसं, मग समुद्र. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे. पण एका दुपारी मी संत्री पुसत बसले होते. ऊन होतं आणि उन्हातच पाऊस आला, आणि मला तो ऐकू आला. पन्हळीतून पडणारं पाणी ऐकू आलं. मी हातातलं फळ खाली ठेवलं. मग मागच्या ओसरीवर पावलं वाजली. मोजे घातलेली, सरकत चालणारी. तेइजी लहानपणी तसाच चालायचा, आई ओरडायची की मोजे फाटतात म्हणून. पावलं कोपऱ्यापर्यंत आली आणि तो म्हणाला, "ताई, इकडून रस्ता कुठे आहे?"

मी धावले. ओसरीवर कुणी नव्हतं. पाऊस थांबला आणि कान पुन्हा बंद.

तेव्हापासून, ऊन असताना पाऊस आला की असं होतं. वर्षातून चार-दोनदा. बाकी जगातलं काही ऐकू येत नाही, तो येतो. घाबरलेला नसतो. गर्दीत जरा वाट चुकलेल्या माणसासारखा विचारतो. मी उत्तर देते, सरळ जा, मागे फिर, इथेच थांब, काय काय सांगून झालं. त्याला माझं ऐकू जात नाही. बहिरी मी आहे की तो, कळत नाही.

तू त्या वाळूच्या बागेत होतीस त्या दुपारी हागीत आभाळ कोरडं होतं. तरी मला पाऊस ऐकू आला, आणि त्यात गारांचा आवाज. त्याच्या श्वासावरून कळलं की त्याला थंडी वाजत नाहीये. म्हणून तसं लिहिलं गेलं.

तुला आधी का सांगितलं नाही? सांगते. एवढ्या वर्षांत त्याने एकदाही तुझं नाव घेतलं नाही. "ताई" म्हणतो. हे तुला कसं लिहायचं? आणि दुसरं, मला ते थोडं आवडतही होतं.

आता तू त्याला मेलेला म्हणून लिहिणार. कोर्टाचं मला काही नाही. पण त्याला रस्ता सापडलेला नसताना आपण दार लावून घेतोय असं वाटलं. म्हणून तुला धाडलं. तो हरवला ती जागा तिथे आहे, माझ्या ओसरीवर नाही.

नको वाटत असेल तर जाऊ नकोस. शिक्का मी तसाही मारीन.

मित्सुए


ओत्सु, १ डिसेंबर

मित्सुएताई,

तुम्हाला वेडी म्हणायचं ठरवलं होतं. पत्र लिहायलाही बसले होते. मग ते टाकून दिलं आणि रोसेन-इनला गेले.

नवं छप्पर घातलंय. बाकी सगळं तेच. लोक फार नव्हते, मेपलची पानं गळून गेलीत, झाडाखाली लाल चिखल झालाय. तिकीट देणाऱ्या भिक्षूने चपला ठेवायला पिशवी दिली, फळी आता काढून टाकलीय. मी जाऊन आमच्याच जागी बसले. ऊन होतं. एक जोडपं तळ्यातल्या माशांवरून वाद घालत होतं. मला वाटलं, आज काही व्हायचं नाही, आणि हायसं वाटलं.

मग सर आली. ऊन तसंच. ते जोडपं आत पळालं. मी एकटी.

ताई, वळणापलीकडून पावलं आली. सरकत. तुम्ही लिहिलंत अगदी तशी. कोपऱ्याच्या अलीकडे येऊन थांबली. खांबाआड त्याच्या कोटाची बाही दिसली, राखाडी. मी तिची कोपरं शिवली होती.

तो म्हणाला, "सायो, इथे छत्री कुणी देत नाही. बस तू. आलोच."

माझं नाव घेतलं त्याने. तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी म्हटलं, "तेइजी." तो म्हणाला, "इकडून बाग अजून छान दिसते. येतेस का?"

मी उठले. दोन-चार पावलं गेले. कोपऱ्यापाशी जमिनीवर जे ऊन पडलं होतं ते जास्त पिवळं होतं, आणि त्यात पानांच्या सावल्या हलत होत्या. झाडांवर पान नाही, ताई. तिथे सावल्या होत्या, भरगच्च.

मी पळाले. बागेतून, चिखलातून, पिशवी ओसरीवरच टाकून. त्या भिक्षूने मागून हाका मारल्या. फाटकाबाहेर आले तेव्हा पाऊस थांबला होता आणि माझे मोजे लाल झाले होते.

अठरा वर्षं मी त्याची वाट बघितली आणि त्याने बोलावलं तेव्हा पळाले. यासुहारांना सांगितलं की पडले. तुम्ही मला काय हवं ते म्हणा. मी पुन्हा जाणार नाही. तुम्हीही आता त्याला उत्तर देऊ नका.

सायोको


हागी, ५ डिसेंबर

सायोको,

पळालीस ते चांगलं केलंस. तू गेली असतीस तर मला पत्र कुणी लिहिलं असतं?

मी येतेय. बाराला दुपारच्या आत क्योतोला पोचते. शेजारचा ओइवा मला गाडीत बसवून देईल, तू उतरवून घे. मला ओठ वाचता येतात, बोलताना तोंड माझ्याकडे ठेव आणि पुटपुटू नकोस, तुला ती खोड आहे.

नको म्हणून लिहू नकोस. पत्र पोचायच्या आत मी निघालेली असेन.

मित्सुए


हागी, १९ डिसेंबर

सायोको,

घरी नीट पोचले. ओइवाच्या बायकोने माशाचं कालवण आणून दिलं, फार खारट. कमरेला लेप लावून पडले होते म्हणून लिहायला उशीर.

त्या दिवशी रोसेन-इनला मी तुझ्याशी खोटं बोलले. वळणापलीकडून परत आले आणि म्हणाले, "कुणी नाही तिथे, चल." तुझा चेहरा इतका पांढरा पडला होता की खरं सांगवेना. आता सांगते.

सर आली आणि मला ऐकू यायला लागलं. आधी छपरावरचा पाऊस, मग तू घेतलेला श्वास. तुझा श्वास मी कितीतरी वर्षांनी ऐकला. मग मी कोपऱ्यावरून वळले.

तिकडे झाडं भरलेली होती, सायोको. सगळं लाल. तो ओसरीच्या काठाला पाय सोडून बसला होता. राखाडी कोट. केस काळे. कपाळावर एक सुरकुती नाही. मी इथे मनात त्याला म्हातारा करत आणला होता, माझ्याबरोबर. तो तेवढाच होता.

माझ्याकडे बघून तो सरकला आणि म्हणाला, "बसा आजी. थांबतोय, थांबतोय."

त्याने मला ओळखलं नाही. तो गेला तेव्हा मी काळ्या केसांची जाडी बाई होते. आता काय उरलंय? मी त्याच्याशेजारी बसले. विचारलं, "कुणाची वाट बघतोस?"

"बायको पलीकडे बसलीय. छत्री आणायला आलो तर इथे कुणीच नाही. परत जायचं तर कोपरा सापडत नाही. तुम्ही कुठून आलात?"

"तिकडून. तू हागीकडचा का रे?"

"कसं ओळखलंत?"

"बोलण्यावरून."

तो हसला. "माझी ताई असते तिथे. बऱ्याच दिवसांत जाणं झालं नाही. दर वर्षी संत्र्यांची पेटी पाठवते. बायको बिचारी खाते, पण तिला आंबट सोसत नाही. मला सांगते, ताईंना कळवू नकोस."

म्हणजे तुला ती आवडत नाहीत. आणि दर जानेवारीत तू मला पानभर कौतुक लिहितेस. त्या क्षणी मला हसू आलं, तिथे बसून, आणि त्यालाही आलं, का ते न कळता.

मी कोण ते सांगणार होते. ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं असतं किती वेळ गेलाय. तो घाबरलेला नव्हता, सायोको. त्याच्या लेखी अजून ती एकच सर थांबलेली नाही. मी त्याला घाबरवायला आले नव्हते.

म्हणून म्हटलं, "पलीकडे बसलेली बाई घरी गेली. मला निरोप दिलाय."

"चिडून गेली?"

"नाही. थकली होती. म्हणाली, तूही नीघ."

त्याने थोडा विचार केला. मग म्हणाला, "तर मग मीही निघतो." उठला, मला वाकून नमस्कार केला, पायरी उतरला आणि मोज्यांवरच झाडांत शिरला. पावसात. सरळ, रस्ता माहीत असल्यासारखा.

मीही उठले होते. एक पाय खाली ठेवला. जमीन ऊबदार होती. तिकडे जायला काही कठीण नव्हतं. एकाहत्तर वर्षांची बाई, घरी कुणी वाट बघत नाही. तेवढ्यात ओसरीच्या फळ्यांचे हादरे हातापायांना जाणवायला लागले. तू पाय आपटत होतीस ना, मला बोलवायला? दोन मिनिटं धीर धरवला नाही तुला. मी वैतागले आणि मागे वळले.

आल्यापासून दोनदा उन्हात पाऊस झाला. मला काही ऐकू आलं नाही. आता माझे कान खरे गेले.

शिक्का मारलेला कागद सोबत आहे. विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' लिहिलंय.

मित्सुए


ओत्सु, २६ डिसेंबर

मित्सुएताई,

कागद मिळाला. संत्र्यांबद्दल क्षमा मागते. तेइजीला गुपित ठेवता येत नसे.

तुम्ही खरं सांगितलंत, आता माझंही ऐका. तुम्ही दोनच मिनिटं गेला नव्हतात.

आपण दुपारचं जेवून तिथे गेलो होतो. तुम्ही वळलात आणि सर लगेच थांबली. मी हाक मारली, मग आठवलं तुम्हाला ऐकू येत नाही. कोपऱ्यावरून वळून बघितलं. ओसरी रिकामी होती, उघडी झाडं, लाल चिखल, त्यावर पाऊल नाही. मी भिक्षूंना बोलावलं. त्यांनी खोल्या बघितल्या, मागचं बांबूचं बन बघितलं, तळ्यात काठ्या घातल्या. त्यांतला एक म्हातारा मला ओळखत होता. अठरा वर्षांपूर्वी पोलीस बघत होते तसं मात्र त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो माझी कीव करत होता, ते जास्त कठीण गेलं.

त्याने विचारलं, "त्यांना ऐकू येत नाही, मग काय कळतं?" मला तुमच्या घरचं आठवलं. कुणी दारात आलं की तुम्ही जमिनीच्या हादऱ्यावरून ओळखता. मी कोपऱ्यावर उभी राहिले आणि पाय आपटायला लागले. पाय दुखायला लागल्यावर तो म्हातारा आपटायला लागला, मग बाकीचे. प्रवाशांना बाहेर काढून फाटक लावलं होतं. सबंध दुपार आम्ही ती ओसरी हादरवत होतो. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा ढगाखालून ऊन आलं, चार थेंब पडले, आणि तुम्ही वळणावरून आलात आणि म्हणालात, "अगं, किती आपटतेस. कुणी नाही तिथे, चल. केवढं भरून आलंय बघ." भरून आलं नव्हतं, ताई. दिवस मावळत होता. इतका उशीर कसा म्हणून विचारलंत तेव्हा बर्फामुळे गाड्या उशिरा आहेत असं मी सांगितलं, तेही खोटं. तुमचा हात धरला, तो कढत होता, तापासारखा. गाडीत बसेपर्यंत मी तो सोडला नाही.

तुम्हाला हे सांगणार नव्हते. पण तुमचं पत्र वाचलं आणि एक गोष्ट मनातून जाईना. तुम्ही त्याला सांगितलंत की बायको घरी गेली. आणि तो म्हणाला, तर मग मीही निघतो.

घर मी बदललेलं नाही.

आज दुपारी यासुहारा यायचे होते. मी खिडकीशी भाजी निवडत होते. तलाव उन्हात चमकत होता आणि त्यावरून पाऊस चालत येताना दिसला. मी उठले आणि दाराला आतून कडी लावली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. मग पायऱ्यांवर पावलं आली. सरकत. दारासमोर थांबली.

त्याने दार वाजवलं नाही. उभा होता. कोटावरचं पाणी निथळताना ऐकू येत होतं.

या वेळी मी पळाले नाही. पळायला जागाही नव्हती. दाराला पाठ लावून खाली बसले आणि सगळं सांगितलं. तुम्ही सांगितलं नाहीत ते. अठरा वर्षं गेली म्हणून सांगितलं. मी म्हातारी झाले, तू झाला नाहीस. ती आजी तुझी ताई होती. रोसेन-इनमधून मी पळाले ते तुझी भीती वाटली म्हणून, राग आला म्हणून नाही. यासुहारा चांगले आहेत, रोज संध्याकाळी रेडिओ फार मोठ्याने लावतात. मी तुला मेलेला म्हणून लिहिणार आहे, आणि ते मला लिहायला हवं आहे. तुला वाईट वाटेल, तर मलाही वाटतंय.

पाऊस बारीक होत गेला. बऱ्याच वेळाने तो पायऱ्या उतरायला लागला. घाई नसल्यासारखा, एकेक पायरी.

ताई, तेइजी बाहेर जाताना फाटक कधी लावत नसे. रोज मी मागून जाऊन लावायचे आणि रोज त्यावरून बोलायचे. आज त्याने लावून घेतलं. खिट्टी बसल्याचा आवाज आला, त्यानंतर पाऊस थांबला.

कागद मी सोमवारी कोर्टात देते.

सायोको